फडाचं नाव

तमाशाचा फड मालकाच्या नावानं ओळखला जातो. मालक गेला तरी नाव राहतं. संगणकाच्या पोटातही असे फड असतात. त्यांची ही हकीकत.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. तिच्यात चालू असलेल्या प्रोग्रामला ‘प्रोसेस’ म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा क्रमांक असतो आणि गटही असतो. गट जन्मानं मिळतो. आईचा तोच लेकराचा. म्होरक्याचा क्रमांक हाच गटाचा क्रमांक. म्होरक्या संपला, तरी शेवटचा गडी असेपर्यंत गट त्याच क्रमांकानं ओळखला जातो.

याचा उपयोग काय? ‘कंट्रोल’ आणि ‘सी’ ही बटणं दाबली, की थांबण्याचा हुकूम समोर चाललेल्या सबंध गटाला जातो. मागं चाललेल्या वेगळ्या गटाला धक्का लागत नाही. अशी कामं पुढं-मागं करण्याची सोय १९८० च्या सुमारास बर्कलेच्या युनिक्समध्ये आली.

मग भांडण लागलं ते नावावरून. गट बदलणाऱ्या फंक्शनचं नाव ‘सेटपीजीआरपी’. ‘सिस्टिम फाइव्ह’ या युनिक्समध्ये ते काहीच विचारत नसे, हाक मारणाऱ्यालाच म्होरक्या करी. बर्कलेत मात्र दोन आकडे द्यावे लागत : प्रोसेस कोणती आणि गट कोणता. नाव एक, रीती दोन! १९८८ च्या ‘पॉसिक्स’ मानकानं तोड काढली. बर्कलेची रीत ठेवली आणि तिला नवं नाव दिलं, ‘सेटपीजीआयडी’. ही सोय नसलेल्या सिस्टिमला ‘आमच्याकडे हे नाही’ असं उत्तर देण्याचीही मुभा ठेवली.

ही मुभा छोट्या सिस्टिमांच्या कामाची होती. अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘मिनिक्स’ काढली. सुरुवातीच्या मिनिक्समध्ये कामं पुढं-मागं करण्याची सोय नव्हती. अशा वेळी सी भाषेची लायब्ररी लिहिणाऱ्याला मोह होतो : फंक्शनचं नाव तेवढं ठेवावं आणि आत काही न करता ‘शून्य’ म्हणजे ‘झालं’ असं सांगून मोकळं व्हावं. वरचा प्रोग्राम विश्वास ठेवतो. पण प्रत्यक्षात गट वेगळे झालेलेच नसतात. आपण समोरचं एक काम थांबवायला जातो आणि मागचीही मरतात.

कवीला यात काय रस, असं कुणी विचारील. नावावरून होणारी भांडणं मला नवी नाहीत. एक भांडण नवं नाव देऊन मिटलं, याचं अप्रूप वाटतं. आणि जे नाही त्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नियमातच ठेवली, याचं त्याहून जास्त.