आंदणात आलेला नाच

तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई १८८० साली सयाजीराव गायकवाडांची राणी होऊन बडोद्याला आली आणि चिमणाबाई झाली. आंदणात दागिने आले, भांडीकुंडी आली, बायका आल्या. बायका म्हणजे नाचणाऱ्या, आणि त्यांच्याबरोबर नाच बसवणारे नट्टुवनार, वाजवणारे असा सगळा ताफा. माझी आजी ही यादी एका दमात सांगायची. तिचे सासरे राजवाड्यात नोकरीला, त्यामुळे असल्या हकिगतींना आमच्याकडे तोटा नव्हता. भांड्यांच्या पाठोपाठ माणसं मोजण्यात तिला काही वावगं वाटत नसे.

तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं हे आपण छाती फुगवून सांगतो. सांगायला हरकत नाही. सरफोजीराजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी सादिर नाचाला जो क्रम लावून दिला, अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत, तोच आजही भरतनाट्यम्‌च्या मंचावर चालतो. खुद्द राजांच्या नावावर मराठी निरूपणं आहेत. एक कथा, एक राग, एक ताल, आणि त्यात ‘जय जय’पासून ‘मंगल’पर्यंत अठरा जिन्नस! ती पोथ्यांतच राहिली होती. आचार्य पार्वतीकुमारांनी मुंबईत ती पुन्हा नाचासाठी बसवली. राजाचं नाव पोथीवर राहिलं. नाचणारीचं कुठे राहिलं?

१८५५ साली दुसरे शिवाजीराजे वारले. पोटी मुलगा नाही, म्हणून कंपनीने गादी खालसा केली. राजाश्रयावर पोसलेल्या घराण्यांना त्यानंतर दुसरं दार शोधणं भाग होतं. बडोदं हे असं एक दार. तिथे कलावंत कारखाना नावाचं सरकारी खातंच होतं, गवय्यांपासून नाचणाऱ्यांपर्यंत सगळे पगारी. चिमणाबाई १८८५ साली गेल्या. ताफा बडोद्यातच राहिला. त्यातल्या नाचणाऱ्या गौरा आणि कांतिमती यांची नावं आपल्यापर्यंत पोचली.

आजी सांगायची त्यात पतंगाचा नाच हमखास असे. हातात दोरा नाही, वर पतंग नाही, पण बाई ढील देतेय, खेचतेय, आणि पेच लागला की सगळा दरबार वर बघतोय! हे सांगताना आजीचा अंगठा तर्जनीवरून मांजा सोडल्यासारखा सरकायचा. मग ती पाटावर अडकित्त्याने ताल धरी, ‘तैया तै, तैया तै’. नट्टुवनार लाकडावर काठी आपटून असाच ठेका देतो.

तिकडे मद्रासेत १९३२ साली म्युझिक अकॅडमीने सादिर नाचाला भरतनाट्यम् म्हटलं, १९३५मध्ये रुक्मिणीदेवी जाहीरपणे नाचल्या आणि चांगल्या घरच्या मुलींना वाट मोकळी झाली. ज्यांनी तो शतकभर सांभाळला त्यांच्यावर मात्र १९४७च्या देवदासी-प्रथाबंदीच्या कायद्याने देवळाचं दार बंद झालं. कायद्याचा हेतू वाईट नव्हता. पण हिशेब चुकता झाला असं मला वाटत नाही.

बडोद्याच्या विद्यापीठात पुढे कांतिमतीचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर शिकवू लागले. माझी आत्या तिथे जायला निघाली तेव्हा पणजीने अट घातली, घुंगरू घरात आणायचे नाहीत. ते कॉलेजातच राहिले. आत्या घरी नुसत्या पायांनी सराव करी, आणि कुठे चुकली की माजघरातून आजी बोल दुरुस्त करी.

“तुला गं कसे येतात?” आत्याने एकदा विचारलं.

“आम्हाला चिकाच्या पडद्याआड बसवायचे,” आजी म्हणाली. “कानात बोळे नव्हते घातले.”