जेट नौकेच्या एंजिन-संगणकाचे पुनर्लेखन

उथळ पाण्यात जलझोताच्या प्रतिक्रियेने धावणाऱ्या नौकेच्या एंजिनास किती इंधन द्यावयाचे, ठिणगी नेमकी केव्हा पाडावयाची आणि फेऱ्यांना मर्यादा कोठे घालावयाची, हे ठरविणारी कोष्टके एंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात साठविलेली असतात. ती वाचून, नौकेच्या कामास अनुरूप बदलून पुन्हा नियंत्रकात भरण्याच्या क्रियेस पुनर्लेखन म्हणतात. यांत्रिकांच्या बोलीत नियंत्रकास ‘ईसीयू’ व या क्रियेस ‘ट्यूनिंग’ किंवा ‘रीमॅप’ ही नावे रूढ आहेत. शक्तिवृद्धी हा तिचा सर्वश्रुत हेतू होय. तथापि जेट नौकेच्या बाबतीत तो दुय्यम ठरतो, कारण मोटारीसाठी लिहिलेली आज्ञावली नदीवर निर्धोक चालेल अशी करणे हेच तेथील मुख्य काम असते.

इतिहास : पाण्याचा झोत मागे सोडून नौका पुढे ढकलण्याची कल्पना जुनी असली, तरी नदीवर चालणारी आधुनिक जेट नौका ही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील मॅकेंझी प्रदेशात आयरिशमन क्रीक येथे मेंढपाळीची मोठी जमीन बाळगून असलेल्या आणि स्वतःच्या कर्मशाळेत यंत्ररचनेचा व्यासंग करणाऱ्या विल्यम हॅमिल्टन (१८९९–१९७८) यांच्या कर्तबगारीचे फळ होय. त्या प्रदेशातील नद्या रुंद, गोटाळ आणि इतक्या उथळ की मळसूत्री पंखा तेथे क्षणभरही टिकावयाचा नाही. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हॅमिल्टन यांनी तळातून पाणी खेचून ते झोतरूपाने बाहेर फेकणारा पंप बांधला. आरंभी झोताची तोटी नौकेच्या बुडाखाली होती. ती पाण्याच्या पातळीच्या वर, नौकेच्या मागील फळीत आणल्यावर वेग लक्षणीय वाढला आणि बुडाखाली आदळण्याजोगे काहीच उरले नाही. १९६० साली हॅमिल्टन यांच्या नौका अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. १९७४ मध्ये हॅमिल्टन यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

या काळातील सर्व नौकांची एंजिने कार्ब्युरेटरची होती. खळाळातून उसळ्या घेत जाताना कार्ब्युरेटरच्या तरंडीपेटीतील पेट्रोल हेलकावे, मिश्रण क्षणात दाट तर क्षणात विरळ होई आणि एंजिन नेमके अडचणीच्या जागी गचके खाई. इंधन-अंतःक्षेपणाने हा दोष गेला. जनरल मोटर्स कंपनीने १९९७ साली शेव्हरोले कॉर्व्हेट मोटारीत ‘एलएस१’ हे ५.७ लिटरचे, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचे आठ सिलिंडरी एंजिन आणले आणि १९९९ मध्ये तेच ऑस्ट्रेलियातील होल्डन कमोडोर या मोटारीत २२० किलोवॉट शक्तीसह बसविले. अपघातात मोडलेल्या कमोडोर मोटारींतून ही हलकी व दमदार एंजिने, त्यांच्या तारा व संगणकासह, नौकांत येऊ लागली. पुनर्लेखनाची गरज प्रथम येथे उपस्थित झाली. कारण मोटारीचा संगणक चोरीप्रतिबंधक यंत्रणेकडून सांकेतिक अनुज्ञा आल्याविना इंधनच सोडीत नाही, आणि स्वयंचलित गीअरपेटी, वेगसंवेदक, उत्प्रेरकामागील प्राणवायु-संवेदक व इंधनबाष्प साठविणारी डबी यांपैकी जे जे नौकेत नसते, त्या प्रत्येकाबद्दल तक्रार नोंदवून काही प्रसंगी एंजिनाची शक्तीही आवरून धरतो.

पंपाचा घननियम : मोटारीच्या ट्यूनिंगचे बहुतेक संकेत जेट नौकेस लागू पडत नाहीत, याचे कारण पंपाच्या स्वभावात आहे. झोतपंपातील चक्र, म्हणजे इंपेलर, दिलेल्या फेऱ्यांना जी शक्ती शोषून घेते ती नौका उभी असो वा भरवेगात असो, जवळजवळ तेवढीच राहते, आणि फेरे वाढत जातील तसतशी ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एखादे इंपेलर मिनिटास ४,५०० फेऱ्यांना २०० किलोवॉट घेत असेल, तर ३,००० फेऱ्यांना ते सुमारे ५९ आणि २,२५० फेऱ्यांना केवळ २५ किलोवॉट घेईल. एंजिनाचा शक्तिवक्र व पंपाचा हा भारवक्र जेथे एकमेकांस छेदतात, तेथेच पूर्ण थ्रॉटलवर एंजिन स्थिरावते. गीअर बदलून त्याला अन्यत्र नेण्याची सोय नाही.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पुनर्लेखनाने शक्ती दहा टक्के वाढविली, तरी फेरे जेमतेम ३.२ टक्के वाढतात, म्हणजे ४,५०० चे ४,६४५ होतात, आणि रेटा सहासात टक्क्यांहून अधिक वाढत नाही. विक्रेत्यांच्या पत्रकांतील मोठमोठे आकडे वाचताना हे गणित जवळ ठेवावे. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. मोटारीचे एंजिन चढ, उतार, गर्दी, मोकळा रस्ता अशा नाना परिस्थितींत इंधनकोष्टकाच्या जवळजवळ प्रत्येक घरातून फिरून येते, तर जेट नौकेचे एंजिन भारवक्राला धरून असलेल्या एका अरुंद तिरक्या पट्ट्यातच जन्मभर वावरते आणि कमी फेरे व पूर्ण भार ही घरे त्याला थ्रॉटल उघडल्यानंतरच्या क्षणार्धापुरतीच दिसतात. म्हणून कमी फेऱ्यांतील पीळ वाढविण्याचा खटाटोप, जो मोटारीत सुखद ठरतो, तो येथे बव्हंशी वाया जातो. छेदबिंदूजवळच्या मोजक्या घरांवर केलेले श्रम मात्र पुरतेपणी सार्थकी लागतात.

इंपेलर कोणत्या कोनाचे, किती झिजलेले, हे न पाहता लिहिलेली आज्ञावली व्यर्थ होय. एंजिनाची कमाल शक्ती ५,००० फेऱ्यांना असताना इंपेलरने त्याला ४,३०० वरच रोखले असेल, तर संगणकाशी झटण्यापेक्षा हलक्या भाराचे इंपेलर बसविणे हा स्वस्त व खात्रीचा इलाज असतो. रेतीने झिजलेले इंपेलर व त्याभोवतीचे कडे यांच्यातील फट वाढली की फेरे चढतात आणि वेग उतरतो. अननुभवी मालक वाढलेल्या फेऱ्यांनाच सुधारणा समजतो.

तापमान व मिश्रण : रस्त्यावरील मोटारीचे एंजिन सुमारे ९० अंश सेल्सिअसला चालावे अशी योजना असते. जेट नौकेत मात्र पुष्कळदा पंपाच्याच दाबाखालील नदीचे पाणी थेट एंजिनात फिरविले जाते आणि तेथील तापमान ६० ते ७० अंशांच्या पलीकडे क्वचितच जाते. मोटारीचा संगणक यावरून एंजिन अद्याप तापलेलेच नाही असे गृहीत धरतो व थंड एंजिनासाठी नेमलेले जादा इंधन दिवसभर सोडीत राहतो. परिणामी स्पार्क प्लग काजळतात, सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुपते आणि खप वाढतो. तापमानानुसार इंधन वाढविणारे कोष्टक खाली ओढणे, ही म्हणून पुनर्लेखनातील पहिली दुरुस्ती होय, आणि कित्येक नौकांच्या बाबतीत मालकाला जाणवणारा सर्व फरक एवढ्यानेच पडतो.

निष्कासनळीत पाणी सोडून ती थंड ठेवण्याचा शिरस्ता असल्यामुळे तेथे बसविलेला प्राणवायु-संवेदक भिजून लवकर निकामी होतो. यास्तव पुष्कळ नौकांत संवेदकाच्या साक्षीवाचून, केवळ कोष्टकाच्या हुकुमाने इंधन सोडावे लागते आणि कोष्टक अचूक असण्याची जबाबदारी त्या प्रमाणात वाढते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने १४.७ भाग हवेस एक भाग इंधन लागते. पूर्ण भारावर हे प्रमाण साडेबाराच्या आसपास, म्हणजे अधिक दाट, ठेवतात. मोटार पूर्ण शक्तीवर काही सेकंद चालते, नौका प्रवाहाविरुद्ध अर्धा अर्धा तास चालू शकते. निष्कासझडपा व दट्ट्ये यांना तेवढा वेळ उष्णता सोसावी लागत असल्याने मिश्रण थोडे दाट व ठिणगी थोडी उशिरा ठेवणारा ट्यूनर शक्तीच्या शर्यतीत मागे पडला, तरी त्याचे एंजिन घरी परत येते. ठिणगी फार लवकर पाडल्यास मिश्रण अवेळी भडकून ‘नॉकिंग’ होते. उघड्या नौकेच्या गोंगाटात ते कानांना ऐकू येत नाही, म्हणून त्याची नोंद ठेवणारे संवेदक बंद करण्याची काहींची पद्धत प्रस्तुत लेखकास निषिद्ध वाटते.

सुकाणूचा प्रश्न : जेट नौकेला पाण्यात बुडालेले सुकाणू नसते. तोटीतून निघणारा झोत डावीउजवीकडे वळवूनच ती वळते. झोत थांबला की वळण्याची क्षमताही थांबते. मोटारीच्या संगणकात तेलाचा दाब घटला, पाणी तापले किंवा थ्रॉटलच्या दोन संवेदकांत मतभेद झाला, तर शक्ती एकाएकी उतरविण्याची तजवीज असते. रस्त्याच्या कडेला थांबू शकणाऱ्या वाहनासाठी ती सुज्ञपणाची आहे. खडकांच्या अरुंद दरीतून ताशी ७०–८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या नौकेत तीच घातक होऊ शकते. जाणते ट्यूनर ही संरक्षणे समूळ काढीत नाहीत. ते दिवा व भोंगा यांनी इशारा आधी देववितात आणि शक्ती हळूहळू, झोत शिल्लक राहील इतपतच कमी करवितात. थ्रॉटल सोडताच इंधन पूर्ण तोडणारी मोटारीतील काटकसरही याच कारणाने रद्द किंवा मर्यादित करतात.

फेऱ्यांच्या मर्यादेविषयी मतभेद आहेत. खळाळातील फेसाळ पाण्याबरोबर पंपात हवा शिरली की भार एकदम नाहीसा होतो आणि एंजिनाचे फेरे निमिषार्धात भडकतात. मर्यादा नसेल तर झडपा व दट्ट्ये एकमेकांवर आदळण्याचा संभव असतो. ही मर्यादा इंधन तोडून घालावी की ठिणगी तोडून, आणि ती नेहमीच्या कमाल फेऱ्यांच्या किती वर असावी, याबाबत एकवाक्यता नाही.

आणखी एक तपशील. अनेक नौकांत एंजिन व पंप यांमध्ये क्लच नसतो, त्यामुळे चावी फिरविल्याबरोबर एंजिनावर पंपाचा भार येतो. मंदगतीच्या वेळी हवा किती सोडावयाची, हे मोटारीच्या मापाने ठरविलेले असल्यास धक्क्याला लागताना, मागे जाण्यासाठीची बादली झोतावर उतरविताना, एंजिन बंद पडते.

कार्यपद्धती : मूळ आज्ञावलीची प्रत प्रथम जतन करतात. ऑकलंड येथील ‘ईएफआयलाइव्ह’ आणि अमेरिकेतील ‘एचपी ट्यूनर्स’ यांची साधने जनरल मोटर्सच्या संगणकांसाठी सर्वाधिक वापरात आहेत. मूळ संगणक काढून टाकून संपूर्ण स्वतंत्र नियंत्रक बसवावयाचा असल्यास क्राइस्टचर्चच्या ‘लिंक’ कंपनीची उपकरणे न्यूझीलंडच्या शर्यतींच्या नौकांत दिसतात. निष्कासात पाणी मिसळते त्या जागेच्या पुष्कळ आधी विस्तृत मापनक्षमतेचा प्राणवायु-संवेदक तात्पुरता बसवून नौका पाण्यावर चालवितात व प्रत्येक घरात मागितलेले आणि प्रत्यक्ष मिळालेले मिश्रण यांतील तफावत नोंदवून कोष्टक सुधारतात. आकडे बदलल्यावर संगणकाची पडताळणी-बेरीज जुळवावी लागते. ती न जुळल्यास नियंत्रक नवी आज्ञावली नाकारतो. लेखन चालू असताना बॅटरी उतरली तर संगणक कायमचा निरुपयोगी होण्याची भीती असते, म्हणून चार्जर जोडून ठेवण्याचा प्रघात आहे.

जलस्कूटर : याच तत्त्वावर चालणाऱ्या लहान वाहनांत पुनर्लेखनाचा मोठा व्यापार आहे. सी-डू वाहनांतील रोटॅक्सचे दीड लिटरचे तीन सिलिंडरी एंजिन २००२ पासून प्रचारात असून त्याचे सुपरचार्जरयुक्त प्रकार मिनिटास ८,००० फेऱ्यांच्या आसपास कमाल शक्ती देतात. सुपरचार्जर भुजादंडावरूनच फिरत असल्यामुळे फेऱ्यांची मर्यादा उचलली की हवेचा दाबही वाढतो; अशा एंजिनात पुनर्लेखनाचा लाभ साध्या एंजिनाहून अधिक आणि धोकाही अधिक. थ्रॉटल सुटला असता वळण्यापुरता झोत टिकविणाऱ्या योजना काही उत्पादकांनी संगणकातच अंतर्भूत केल्या आहेत. त्यांस हात लावू नये.

डिझेल एंजिने : येथे विचार केलेला नाही.

भारत : भारतात हौशी जेट नौकांची परंपरा नाही. तारकर्ली व गोव्याच्या किनाऱ्यांवर भाड्याने मिळणाऱ्या जलस्कूटर आणि तटरक्षक दलाच्या जलझोताने चालणाऱ्या, परंतु डिझेल एंजिनांच्या, वेगवान नौका यांपुरताच हा प्रकार परिचित आहे. जेट नौकेचा येथील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १९७७ चा होय : एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी यांनी गंगासागरापासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध ‘सागराकडून आकाशाकडे’ अशी मोहीम काढली. तिच्या तीन नौकांची नावे ‘गंगा’, ‘किवी’ व ‘एअर इंडिया’ अशी होती, हॅमिल्टन यांचे पुत्र जॉन हे तिच्या चालकांत होते आणि मोहन कोहली यांच्यासारखे भारतीय गिर्यारोहक तीत सहभागी होते. हरिद्वार मागे टाकून नौका नंदप्रयागजवळच्या धबधब्यापर्यंत पोहोचल्या व तेथून पुढचा प्रवास पायी झाला. मोहिमेवरील हिलरी यांचा ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्या नौकांत एंजिन-संगणक नव्हता, त्यामुळे प्रस्तुत विषयाशी या मोहिमेचा संबंध दूरचाच आहे.

कायदा : अमेरिकेत नौकेच्या अंतर्भागी बसविलेल्या पेट्रोल एंजिनांना २०१० च्या प्रतिमानांपासून निष्कासवायूंचे कडक निर्बंध लागू असून, प्रदूषणनियंत्रक योजना निष्फळ करणाऱ्या फेरफारांस तेथील वायुशुद्धी कायद्याने मज्जाव केला आहे. न्यूझीलंडमध्ये नदीवर प्रवासी नेणाऱ्या जेट नौकांसाठी सागरी नियमांचा स्वतंत्र भाग आहे. आज्ञावली बदलल्याचे आढळल्यास उत्पादक सामान्यतः हमी नाकारतात.