हाफकिनची लस आणि आगाखानांचा दंड

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि त्यांचीच लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण लोक सुईला घाबरत होते, अफवांना ऊत आला होता. तेव्हा विशीच्या आसपासच्या तिसऱ्या आगाखानांनी चारचौघांसमोर लस टोचून घेतली. प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली. मग खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले.

लस ज्यूची, दंड मुसलमानाचा, जीव वाचले मुंबईकरांचे. आज लसीविषयी मोहल्ल्यात कुजबुज होते, तेव्हा आपल्या पुढाऱ्यांनी नुसती भाषणे देऊ नयेत. आधी आपली बाही वर करावी.