शालेय नकाशाची कुळकथा आणि जोयडा तालुका

भूगोलाच्या तासाला गावापासून तालुक्याकडे आणि शेवटी पृथ्वीगोलाकडे नेण्याचा क्रम आज स्वयंसिद्ध वाटत असला, तरी तो नकाशाइतका जुना नाही. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने 1760 च्या दशकात लाकडावर डकवलेले नकाशे देशांच्या सीमांवरून कापून मुलांच्या हाती दिले, तेव्हा आरंभ दूरच्या देशांपासूनच होई. मुलाने पहिला नकाशा स्वतःच्या परिसराचा काढावा हा विचार रूसोने ‘एमिल’मध्ये (1762) मांडला आणि स्वित्झर्लंडच्या पेस्तालोत्सीने तो वर्गात आणला: इव्हर्डनच्या शाळेतील मुले जवळच्या नदीच्या खोऱ्यात हिंडत, तिथली चिकणमाती आणून मेजावर त्या खोऱ्याचे चढउतार घडवत आणि त्यानंतरच त्यांना नकाशा दाखवला जाई.

परिसरापासून सुरू होणारा हा क्रम उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात चांगला आजमावता येतो. हा जिल्हा 1862 मध्ये मुंबई इलाख्यात आला आणि 1956 पर्यंत मुंबईशी जोडलेला राहिला. त्यातील आजचा जोयडा तालुका पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाई; काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे सुपा गाव गणेशगुडीजवळच्या 101 मीटर उंचीच्या धरणामुळे पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले. जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून ही घटना शिकवता येतेच, पण अध्यापनाच्या दृष्टीने जलाशयाचे मोल त्याहून मोठे आहे. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषेला समोच्च रेषा म्हणतात, आणि स्थिर पाण्याचा काठ ही जमिनीवर प्रत्यक्ष दिसणारी तशीच रेषा असते. उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की काठाच्या उतारावर पातळीच्या खुणा एकाखाली एक उमटतात. उतार तीव्र असेल तिथे त्या जवळजवळ आणि सौम्य असेल तिथे दूरदूर का पडतात, हे मातीची प्रतिकृती न घडवताही इथे समजते.

तालुक्याकडून पृथ्वीगोलाकडे जाताना गोलावर 15 अंश उत्तर अक्षवृत्त शोधावे, कारण विषुववृत्तापासून सुमारे 1,660 किलोमीटर उत्तरेकडील ही काल्पनिक रेषा याच तालुक्यातून, अणशीच्या परिसरातून, जाते आणि पुढे फिलिपिन्सचे लुझॉन बेट व सुदान गाठते. मात्र 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एका मिलिमीटरात सुमारे 42 किलोमीटर मावतात, म्हणून प्रमाणाचा, म्हणजे नकाशावरील व जमिनीवरील अंतराच्या गुणोत्तराचा, धडा तालुक्याच्या नकाशावर आधी घेणेच श्रेयस्कर.