पोलिसी बिनतारी संकेतांक आणि भूमिकाखेळांतील वातावरणनिर्मिती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भूमिकाखेळ हा आधुनिक खेळप्रकार १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने रूढ केला. टेबलाभोवती बसलेले खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात आणि एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभे करतो. (नाट्यपरंपरेतील ‘सूत्रधार’ हा शब्द येथे विलक्षण चपखल बसतो.) नेपथ्य नाही, वेशभूषा नाही; सारी भिस्त उच्चारलेल्या शब्दावर. त्यामुळे गुन्हेशोधाचे कथानक असलेल्या खेळात ‘१०-४’ किंवा ‘१०-३३’ असे पोलिसी संकेतांक वातावरणनिर्मितीचे सुलभ साधन ठरतात. मात्र या संकेतांकांना स्वतःचा इतिहास आहे. तो ध्यानात न घेता केलेला त्यांचा वापर हे निव्वळ अलंकरण होय, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

पोलिसी बिनतारीचा यशस्वी आरंभ डेट्रॉइट शहरात १९२८ साली झाला. ही यंत्रणा एकमार्गी होती. मुख्यालयातून निघालेला संदेश गस्तीच्या मोटारीत ऐकू येई. परंतु मोटारीतून उत्तर देण्याची सोय नव्हती. शिपायाला काही कळवायचे असल्यास दूरध्वनी गाठावा लागे. दुमार्गी संभाषणाची सोय न्यू जर्सीतील बेयोन येथे १९३३ मध्ये झाली. ‘दहा’ने आरंभ होणारे संकेतांक याहूनही नंतरचे. इलिनॉय राज्य पोलिसांतील चार्ल्स हॉपर यांनी १९३७ पासून ते सिद्ध केले, असे मानले जाते. प्रत्येक संकेतापूर्वी ‘दहा’ उच्चारण्यामागे गूढ असे काही नव्हते. तत्कालीन प्रक्षेपकाला वीज पुरवणारे फिरते यंत्र पूर्ण गती घेईपर्यंत काही क्षण जात आणि पहिला शब्द हवेत विरून जाई. जो शब्द हरवला तरी चालेल असा शब्द आरंभी ठेवणे, एवढाच त्यामागील व्यवहार. पुढे हे यांत्रिक कारण नाहीसे झाले. ‘दहा’ मात्र राहिला.

या कालक्रमाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ या भयप्रधान भूमिकाखेळाचा मूळ काळ १९२० चे दशक हा आहे. त्यातील पोलिसाच्या तोंडी ‘१०-४’ घालणे हा सरळसरळ कालविपर्यास होय. याउलट १९२८ च्या डेट्रॉइटमधील मोटारीत आज्ञा ऐकू येते, पण मदतीची हाक देता येत नाही, ही सत्यस्थितीच भयाला अधिक पोषक आहे. इतिहासाने आयता पुरवलेला हा प्रसंग सोडून उसना संकेतांक घेण्याचे कारण सामान्य श्रोत्यांच्या सवयीत शोधावे लागते.

ही सवय दूरचित्रवाणीने लावली. ‘हायवे पेट्रोल’ (१९५५–५९) या मालिकेतील ब्रॉडरिक क्रॉफर्ड यांच्या तोंडून ‘१०-४’ घरोघरी पोहोचले. ‘अ‍ॅडम-१२’ (१९६८–७५) या मालिकेने तर लॉस एंजेलिस पोलीस दलातील प्रत्यक्ष नियंत्रण कक्षात काम करणाऱ्या शॅरन क्लॅरिज यांचाच आवाज वापरला. ‘एक-अ‍ॅडम-१२’ या हाकेत विभाग, दोन पोलिसांची मोटार आणि तिचा गस्तीचा भाग एवढी माहिती सामावलेली असे. प्रेक्षकाला ती उलगडत नसे आणि उलगडावी अशी अपेक्षाही नव्हती. न कळणारे बोलणे खरे वाटते, या मानवी प्रवृत्तीवर मालिकेचा वास्तवाभास उभा होता.

खेळात मात्र केवळ न कळून भागत नाही. १९८७ च्या ‘पोलीस क्वेस्ट’ या संगणकीय खेळाचे रचनाकार जिम वॉल्स हे कॅलिफोर्निया महामार्ग पोलिसांतील माजी अधिकारी होते. खेळासोबतच्या पुस्तिकेत बिनतारी संकेतांक आणि कायद्याची कलमे दिलेली होती; ती न वाचणाऱ्याला पुढे सरकणे अवघड जाई. येथे प्रेक्षकाचा शिकाऊ शिपाई झाला. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील खुनाचे कलम १८७ आहे, हे एकदा ठाऊक झाले की पुढच्या वेळी नुसत्या आकड्याने खेळाडू सावध होतो. वातावरण निर्माण होते ते या क्षणी. आकड्याचा अर्थ सांगत बसल्यास ते विरते. म्हणूनच चाळीस संकेतांकांच्या यादीपेक्षा खेळाडूंच्या हाती आधी दिलेले सात-आठ संकेतांक अधिक उपयोगी पडतात.

प्रत्यक्ष पोलिसी कामात मात्र हेच संकेतांक अडचणीचे ठरले. ‘१०-१३’ म्हणजे प्रचलित राष्ट्रीय यादीनुसार हवामान व रस्त्याची स्थिती. न्यूयॉर्क शहराच्या दलात त्याचा अर्थ संकटातील पोलिसाला तातडीने साहाय्य करा. एकाच घटनास्थळी अनेक दले जमली असता असा अर्थभेद जीवघेणा ठरू शकतो. २००१ चे दहशतवादी हल्ले आणि २००५ चे कॅटरिना चक्रीवादळ या प्रसंगी निरनिराळ्या यंत्रणांमधील संपर्काचे प्रश्न प्रकर्षाने पुढे आले. २००६ पासून अमेरिकी संघशासनाने, अनेक यंत्रणा एकत्र काम करतील अशा प्रसंगी साध्या भाषेचा आग्रह धरला. दलांतर्गत दैनंदिन व्यवहारात संकेतांक वापरण्यास मात्र मज्जाव केला नाही.

पोलिसांना जो दोष टाळावा लागला, तो सूत्रधाराला मुद्दाम योजता येतो. शहराच्या हद्दीवर दोन दलांचे पोलीस समोरासमोर येतात, बिनतारीवर ‘१०-१३’ उमटते; एक मोटार भरधाव निघते आणि दुसरीतील शिपाई खिडकीतून आभाळाकडे पाहतो.