उमरठचें मूल आणि धारवाडचें माप

पोलादपुराहून सह्याद्रीच्या पायथ्याकडे वळलें म्हणजे उमरठ लागतें. तानाजी मालुसऱ्यांचें हें गांव. त्यांची व शेलारमामांची समाधि येथेंच आहे. आणि १६७० च्या माघ वद्य नवमीस सिंहगडावर पडलेल्या तानाजीचा देह ज्या वाटेनें खालीं आणला तिला मढे घाट हें नांव पडलें, असें या बाजूचे लोक सांगतात. उमरठ म्हटलें कीं वाचकाच्या कानांत डफ वाजूं लागावा, हें स्वाभाविकच आहे. आम्हांस मात्र आज या गांवाचें नांव अगदीं निराळ्या कामासाठीं घ्यावयाचें आहे.

अशी कल्पना करावी कीं, उमरठांतील एका घरीं दहा वर्षांचें एक मूल आहे. तें उशीरां बोलूं लागलें, शाळेंत बरोबरीच्या मुलांमागें पडलें, आणि गुरुजींनीं आईला सांगितलें कीं, याला दाखला काढून घ्या. आई त्याला घेऊन एस्. टी.नें अलिबागेस जाते. तेथें टेबलापलीकडे एक तरुण बाई बसलेली आहे. ती नैदानिक मानसशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडली आहे. ती पेटी उघडते, मुलाला जवळ बसविते आणि एकामागून एक प्रश्न विचारूं लागते. तासाभरानें एक आंकडा निघतो, आणि त्या आंकड्यावर मुलाच्या पुढील आयुष्यांतील बऱ्याच गोष्टी ठरतात. हे प्रश्न आले कोठून, तें पाहण्याचा आमचा विचार आहे.

त्यांची वंशावळ पॅरिसपर्यंत जाते. तेथील शाळांतून मागें पडणारीं मुलें वेळींच ओळखतां यावींत म्हणून आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांनीं १९०५ सालीं पहिली प्रश्नमालिका तयार केली. बिने हे मोठे सावध गृहस्थ होते. बुद्धि ही उंचीप्रमाणें एकदां मोजून वहींत टिपून ठेवण्याची वस्तु नव्हे, योग्य शिकवणुकीनें ती वाढते, असें त्यांचें मत होतें. १९११ सालीं ते वारले आणि त्यांचें माप त्यांच्याहून धीट अशा मंडळींच्या हातीं गेलें. अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें लुइस टर्मन यांनीं १९१६ सालीं त्याची नवी आवृत्ति काढली. मुलाचें मानसिक वय घ्यावें, त्यास खऱ्या वयानें भागावें, शंभरानें गुणावें, कीं झाला बुद्ध्यंक. इतकें सुटसुटीत गणित हातीं आल्यावर तें जगभर पसरलें नसतें तरच नवल.

हिंदुस्थानांत लाहोरचे हर्बर्ट राइस यांनीं या मापाचें हिंदुस्थानी रूप सिद्ध केलें. त्यांचा ग्रंथ १९२९ सालीं अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें छापला गेला. परंतु आपल्या दृष्टीनें महत्त्वाचे गृहस्थ म्हणजे व्ही. व्ही. कामत. तेव्हांच्या मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागांत, धारवाडकडे, त्यांनीं कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीं टर्मनच्या मालिकेचें रूपांतर केलें. १९३४ सालीं त्याविषयींचा त्यांचा लेख इंग्लंडांतील एका शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकांत आला आणि १९४० सालीं 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हें पुस्तक निघालें. ज्या दोन भाषा सीमेच्या वादांत आज एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात, त्या येथें एकाच ताजव्याच्या दोन पारड्यांप्रमाणें सुखानें नांदत होत्या, हेंही जातां जातां नमूद करावेंसें वाटतें.

हें काम भाषांतराचें नव्हे. इंग्रजी प्रश्न मराठींत आणणें हा त्यांतला सोपा भाग होय. खरा कष्टाचा भाग पुढें असतो. प्रत्येक प्रश्न प्रत्येक वयाच्या पुष्कळ मुलांना विचारावा लागतो. सातव्या वर्षासाठीं म्हणून घेतलेला प्रश्न सात वर्षांच्या बहुतेक मुलांना सुटत नसेल तर तो आठव्या वर्षाकडे ढकलावा लागतो, फारच सोपा ठरला तर खालीं उतरवावा लागतो. कामतांनीं हजारावर मुलें अशीं तपासलीं. एका माणसानें, हातांत कसलेंही यंत्र नसतांना, शाळाशाळांतून हिंडून केलेलें हें काम पाहिलें म्हणजे आदर वाटल्यावांचून राहत नाहीं. तें इतकें टिकलें कीं, बिने-कामत कसोटी शिकल्यावांचून भारतांतील नैदानिक मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या बाहेरच पडल्या नाहींत.

त्या विद्यार्थ्यांची परंपराही फार जुनी नाहीं. कलकत्ता विद्यापीठांत मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९१६ सालीं. गिरींद्रशेखर बोस यांना तेथें १९२१ सालीं डी. एस्‌सी. मिळाली ती मनांतील दमनाच्या कल्पनेवरील प्रबंधाबद्दल. आपल्याकडे कोंकणांत रत्नागिरीस १८८६ पासून मनोरुग्णालय होतें खरें, पण तेथें मनाचा अभ्यास करणारा विद्यार्थी कोण पाठविणार? मुंबईस नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल १९३६ सालीं निघालें आणि त्याच्या आश्रयानें दुसऱ्याच वर्षीं मुलांसाठीं मार्गदर्शन-केंद्र सुरू झालें, हा अपवाद. पुढें १९४६ च्या भोर समितीनें शिफारस केली, १९५४ त बंगळुरास अखिल भारतीय संस्था उभी राहिली, आणि तेथून या विषयाचें पद्धतशीर शिक्षण चालू झालें. प्रबंध हा त्या शिक्षणाचा भाग होऊन बसला. त्याविषयीं पुढें बोलूं.

कामतांनंतर महाराष्ट्रांत या वाटेनें गेले ते नागपूरचे ए. जे. मालिन. तेथील बालमार्गदर्शन-केंद्रांत त्यांनीं वेक्स्लर यांच्या कसोटीचें भारतीय रूप केलें. पण आम्हांस त्यांचें दुसरें काम अधिक मोलाचें वाटतें. न्यू जर्सींतील वाइनलंड येथें एडगर डॉल यांनीं सामाजिक परिपक्वतेचें एक माप केलें होतें. त्यांत मुलाला प्रश्न नाहींत. मूल काय काय करतें तें आईला किंवा पालकाला विचारावयाचें. मूळ मापांत जेवणाच्या टेबलावर सुरीनें लोणी लावतां येतें कीं नाहीं, अशाही चौकशा होत्या. भाकरी हातानें मोडून खाणाऱ्या घरांत या चौकशीचें काय करावें? मालिन यांच्या रूपांतरास आजही नागपूर-रूपांतर असेंच म्हणतात. मराठी शहराचें नांव देशभरच्या दवाखान्यांतून रोज घेतलें जावें, आणि नागपूरकरांना त्याची वार्ताही नसावी, ही गंमतच म्हणावयाची.

आतां त्या आंकड्याकडे वळूं. केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक नियमांत या सामाजिक मापाचा अंक ५५ ते ६९ असेल तर ५० टक्के दिव्यांगत्व, आणि ७० ते ८४ असेल तर २५ टक्के, असें कोष्टक होतें. २०१६ च्या कायद्याप्रमाणें राखीव जागांसारख्या सवलतींना निदान ४० टक्के लागतात. म्हणजे एकोणसत्तर व सत्तर यांच्यामधल्या एका रेघेवर घरादाराचें लक्ष. बुद्ध्यंकाच्या बाबतींतही सत्तर हीच रेघ वापरण्याचा रिवाज आहे. टर्मनच्या मालिकेंत खालच्या वर्षांचा प्रत्येक प्रश्नगट दोन महिन्यांचा असतो. आपलें उमरठचें मूल दहा वर्षांचें, म्हणजे १२० महिन्यांचें. त्याचें मानसिक वय ८४ महिने भरलें तर बुद्ध्यंक सत्तर. एक गट चुकला, ८२ झाले, तर अडुसष्ट. इतकी नाजूक ही रेघ.

आणि तो गट कोणता असावा? टर्मननीं सहाव्या वर्षासाठीं घातलेल्या एका गटांत तीन गोष्टी विचारल्या होत्या: शाळेला निघतांना पाऊस असेल तर काय करावें, घराला आग लागलेली दिसली तर काय करावें, आणि कोठें जावयाचें असतां गाडी चुकली तर काय करावें. कॅलिफोर्नियांतल्या मुलानें छत्री घ्यावी, हें ठीकच. पोलादपूर-महाडकडे श्रावणाआधींच्या पावसांत ओढे भरले कीं शाळेला न जाणें हेंच शहाणपणाचें असतें. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यांतील तळिये येथें डोंगर खचला आणि ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्या खोऱ्यांतलें मूल पावसाविषयीं विचारल्यावर घुटमळलें किंवा गप्प बसलें, तर त्यास बुद्धीचा दोष म्हणावयाचा काय? गाडी चुकली तर घरीं परत यावें, कारण दुसरी गाडी उद्यां, असें उत्तर त्यानें दिलें तर त्याला गुण द्यावयाचा कीं नाहीं? चांगला परीक्षक देईल. पण तें परीक्षकाच्या समजुतीवर सोपवावें लागतें, आणि माप म्हटलें कीं तें समजुतीवर सोपवावें लागूं नये.

येथवर वाचकास वाटेल कीं जुनें माप गांवच्या मुलावर अन्यायच करतें, त्याला आहे त्यापेक्षां मंद ठरवितें. गोष्ट तितकी सरळ नाहीं. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनीं १९८४ सालीं दाखवून दिलें कीं, अमेरिकेंत पिढ्यान् पिढ्या मुलांचे गुण दर दशकास सुमारें तीन अंकांनीं चढत आले. शाळा, पोषण, चित्रें, घरांतलें बोलणें हीं सारीं बदललीं, आणि जुन्या मुलांशीं ताडून पाहिलें कीं नवीं मुलें हुशार दिसूं लागलीं. तोच वेग आपल्याकडे होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु १९३० नंतरच्या धारवाडच्या मुलांशीं आजच्या मुलाची तुलना केली तर तें खरोखर मागें असूनही सत्तरच्या वर जाऊं शकतें, आणि ज्या मदतीचा त्यास हक्क तीच त्याला नाकारली जाते. एक चूक त्याला खालीं ओढते, दुसरी वर ढकलते. दोन्ही मिळून आंकडा बरोबर येईल अशा भरंवशावर आईनें अलिबागेस खेपा घालाव्या काय?

हें दुरुस्त कोणी करावयाचें? नवीं परदेशी मापें भारतीय मुलांवर तोलून निघालीं आहेत; वेक्स्लरची एक आवृत्ति २०१२ सालीं निघाली. पण त्यांची किंमत लहान दवाखान्यास झेपणें कठीण. तेव्हां आमची दृष्टि वळते ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे. प्रबंध त्यांना लिहावाच लागतो, आणि त्यासाठीं ते पुष्कळदां काय करतात, तर आपल्याच महाविद्यालयांतील शंभर सोबत्यांना एक प्रश्नावली वाटून त्यांची चिंता किंवा आत्मसन्मान मोजतात. यांत त्यांचा फारसा दोष नाहीं. मुदत थोडी, पैसा नाहीं, मार्गदर्शकाकडे विद्यार्थी पुष्कळ. आणि पोलादपूर तालुक्यांतल्या दहा शाळांतून प्रत्येक वयाचीं मुलें तपासून आणलेलें कोष्टक परीक्षकाला नीरस वाटण्याची भीति. पण कामतांचें काम तरी दुसरें काय होतें?

एका विद्यार्थ्याला हजार मुलें होणार नाहींत, साठ होतील. दुसऱ्यानें पुढच्या वर्षीं माणगांवचीं साठ घ्यावीं, तिसऱ्यानें जावळीचीं, आणि तिघांनीं एकाच पद्धतीनें टिपणें ठेवावीं. त्यासाठीं प्रश्न आधीं त्या बाजूच्या बोलींत विचारून पाहावे लागतील, आईबापांची संमति घ्यावी लागेल, आणि ज्या दिवशीं उमरठच्या शाळेंत भाताच्या लावणीमुळें निम्मीं मुलें गैरहजर असतील त्या दिवशीं परत फिरून पुन्हां यावें लागेल.