गिब्सन, गाय पेनरोझ
(१२ ऑगस्ट १९१८ – १९ सप्टेंबर १९४४). ब्रिटिश हवाई दलातील बाँबफेकी वैमानिक. जन्म सिमल्याचा, वडील तेथे वनखात्यात अधिकारी. १६-१७ मे १९४३ च्या रात्री त्यांच्या ६१७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने जर्मनीतील मोने व एडर ही धरणे फोडली. बार्न्स वॉलिस यांचा पिंपासारखा बाँब, मुले तळ्यात भाकऱ्या टाकतात तसा, पाण्यावर उड्या घेत भिंतीला भिडे. त्यासाठी विमान पाण्यापासून नेमके ६० फुटांवर हवे. पोटाखालच्या दोन दिव्यांचे झोत पाण्यावर जुळले की उंची साधली. आपला बाँब टाकून झाल्यावरही गिब्सन पुढच्या विमानांसोबत उडत तोफांचा मारा स्वतःकडे ओढत राहिले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९ पैकी ८ विमाने परतली नाहीत. पुरात हजाराहून अधिक माणसे बुडाली, त्यांत वेठीला धरून आणलेले परदेशी मजूरही पुष्कळ होते. गौरवकथांत हे सहसा मागे पडते.

१९४४ मध्ये जर्मनीवरील हल्ल्याहून परतताना त्यांचे मॉस्किटो विमान नेदर्लंड्समधील स्टेनबर्गनजवळ कोसळले. कारणाविषयी मतभेद आहेत. ते व नेव्हिगेटर जेम्स वॉरिक यांचे दफन तिथल्याच कॅथलिक दफनभूमीत झाले. गावातील रस्त्यांना दोघांचीही नावे आहेत. गिब्सन यांचे एनिमी कोस्ट अहेड हे आत्मकथन १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले.